नमाज ‘उद्यापासून’, लग्नात ‘लोक काय म्हणतील’: दोन्हींचं मूळ एकच

वालेकुम अस्सलाम. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही २७ वर्षांचे, मूळचे सोलापूरचे, हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत. वाकडला तीन मित्रांसोबत भाड्याने राहता. रमजानमध्ये पाची वेळची नमाज होते आणि ईद झाली की पंधरवड्यात सगळं फक्त जुम्यावर, म्हणजे शुक्रवारच्या नमाजवर, येतं. ‘हा रिलीज संपू दे’, ‘लग्न होऊ दे’ असं गेली चार वर्षं चाललंय. ऑफिसात मुसल्ला (नमाजची चटई) अंथरायचा संकोच वाटतो. त्यात डिसेंबरात तुमचं लग्न आहे आणि चुलतभावाचं लग्न मोठं झालं म्हणून घरचे आठ लाखांचं व्याजी कर्ज काढा म्हणतायत. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘माझं ईमानच (श्रद्धाच) कमजोर आहे, ते आधी कसं वाढवू?’

त्या शेवटच्या वाक्याशीच मी सहमत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. रमजानमध्ये पाच वेळा उभा राहणारा माणूस तुम्हीच आहात ना? नोकरी तीच, मॅनेजर तोच, आळसही तोच. फरक दोनच गोष्टींचा पडतो. त्या महिन्यात दिवसाची चौकट सहेरी आणि इफ्तार ठरवतात, आणि ‘कुठे चाललास?’ असं कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना आधीच माहीत असतं. म्हणजे ईदनंतर ईमान नाहीसं होत नाही. ठरलेली वेळ जाते, आणि लोकांना आधीपासून माहीत असणं जातं. या दोन गोष्टी बाकीच्या अकरा महिन्यांत कशा आणायच्या, हा खरा प्रश्न आहे. ‘आधी ईमान वाढवतो, मग नमाज सुरू करतो’ ही टाळाटाळच आहे, फक्त जरा सभ्य कपड्यांतली. अरबीत ‘सौफ’ हा भविष्यकाळ दाखवणारा शब्द आहे. त्यावरून ‘करीन, करीन’ म्हणत राहण्याच्या सवयीला ‘तस्वीफ’ असं नाव पडलं. सवयीला वेगळं नाव मिळालं, यावरून दुखणं किती जुनं आहे ते समजा.

आता एक गोष्ट तपासून बघा. इशा (रात्रीची नमाज) तुम्ही टाळता ती अंथरुणात पडल्या पडल्या, हातात फोन असताना. तो आळस. जोहर (दुपारची) आणि असर (तिसऱ्या प्रहरची) मात्र तुम्ही खुर्चीत ताठ बसलेले, पूर्ण जागे असताना टळते. तिथे आळस नसतो, चारचौघांतून उठायचं असतं. बाहेरून दोन्ही ‘चालढकल’च दिसते, म्हणून माणूस दोन्हींवर एकच औषध घेतो, म्हणजे बयान (धार्मिक प्रवचन) ऐकतो, पेटून उठतो आणि आठवड्यात विझतो. आळसाचं औषध वेळापत्रक. संकोचाचं औषध म्हणजे लोकांना आधी आणि थोडक्यात सांगून मोकळं होणं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. मी हनफी फिकहच्या (धर्मनियमांच्या एका परंपरेच्या) हिशोबाने लिहितोय, कारण घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी आहेत. वाचणाऱ्यांत कोकणी असतील तर ते बहुधा शाफई परंपरेचे. त्यांची असर लवकर सुरू होते आणि काही मसले बदलतात. चाकणला कारखान्याच्या लाइनवर उभा असणारा किंवा रात्रपाळीचा माणूस माझं ऑफिसचं वेळापत्रक जसंच्या तसं घेऊ शकणार नाही. महिलांवर जुमा फर्ज (सक्तीचा) नाही, आणि हैजच्या (मासिक पाळीच्या) दिवसांतल्या नमाजची कझाही, म्हणजे सुटलेली नमाज नंतर भरून काढणंही, नाही. आणि ज्याला वजू (नमाजआधीची हात-तोंड-पाय धुण्याची शुद्धी) सात-सात वेळा करूनही झाला नाही असं वाटतं, त्याचा प्रश्न आळसाचा नाही. त्याने आलिमांसोबत (धर्माच्या जाणकारांसोबत) डॉक्टरांनाही भेटावं.

वेळा: नेमकी नमाज कुठे निसटते

कुरआनात सूरे निसाच्या १०३व्या आयतीत नमाज ठरलेल्या वेळेत फर्ज असल्याचं म्हटलंय. म्हणून आधी वेळा नीट माहीत करून घ्या. पुण्यात २१ डिसेंबरच्या सुमाराला फजर (पहाटेची नमाज) साधारण ५.४५ला सुरू होते आणि सूर्य ७.०३ला उगवतो. हनफी असर ४.२८ची, सूर्यास्त ६.०३ला. जूनच्या मध्यावर फजर ४.३६ला, सूर्योदय ५.५९ला, असर ५.१४ला आणि सूर्यास्त ७.१३ला. जोहर वर्षभर साडेबाराच्या आगेमागेच सुरू होते, नोव्हेंबरात १२.२० आणि फेब्रुवारीत १२.५०च्या आसपास. एकदोन मिनिटं इकडेतिकडे धरा.

या आकड्यांवरून तुमची चार वर्षं वाचता येतात. जोहरला चार तासांच्या आसपास मुभा असते, ती जेवणाच्या सुट्टीत सहज बसते, तरी ‘अजून वेळ आहे’ म्हणून राहते. हिवाळ्यात असर तासा-दीड तासाची, नेमकी चारनंतरच्या मीटिंगांत अडकते. आणि हिवाळ्यातली मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) तर कंपनीच्या बसमध्येच जाते. सहाची बस पकडली, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास गेला, की वाकडला उतरेपर्यंत इशाची वेळ येऊन ठेपलेली असते. जूनमध्ये हीच मगरिब घरी आरामात मिळते. म्हणून पावसाळ्यात लागलेली सवय दिवाळीनंतर तुटते, आणि माणूस समजतो आपलं ईमान घसरलं. घसरला सूर्यास्त, एक तास दहा मिनिटांनी! नोव्हेंबर ते जानेवारी एक बस सोडा, मगरिब ऑफिसात ६.१०ला पढा आणि पुढची बस धरा. शहरातल्या शहरात कितीही ट्रॅफिक असला तरी तो शरई प्रवास होत नाही. हनफींकडे त्याची मर्यादा साधारण ७८ किलोमीटर आहे. त्यामुळे कसरची, म्हणजे प्रवासात चार रकातींच्या जागी दोन पढण्याची, सवलत इथे लागू होत नाही.

एक बारीक चूक बऱ्याच जणांकडून होते. गावाकडचं छापील टाइमटेबल फोनमध्ये असतं, तेच इथे वापरलं जातं. सोलापूर पुण्याच्या पूर्वेला आहे, तिथला सूर्यास्त आठेक मिनिटं आधी होतो. त्या वेळेवर पुण्यात मगरिब पढलीत किंवा रोजा सोडलात, तर सूर्य अजून वरच असतो. मुंबईचं टाइमटेबल उलट चारेक मिनिटं मागे आहे, त्यामुळे फजरच्या शेवटी धोका. ॲपमध्ये गाव पुणे, पद्धत कराचीची (१८ अंश) आणि असर हनफी, एवढं एकदा लावून ठेवा. ॲप आपोआप असर शाफई धरतं आणि हनफी माणूस पाऊण ते सव्वा तास आधीच पढून मोकळा होतो, हे फार दिसतं.

ऑफिस: जागा, वजू आणि एक वाक्य

जोहर, असर, मगरिब मिळून फर्ज रकाती (नमाजची आवर्तनं) अकरा. वजूसकट एका नमाजला सात-आठ मिनिटं, सुन्नत (पैगंबरांच्या रिवाजाच्या जादा रकाती) धरल्या तर जोहरला बारा-तेरा. चहाच्या टपरीवर एका वेळी याहून जास्त वेळ जातो.

‘कोणी बघणार नाही’ अशी जागा शोधू नका. जिन्याखालचा कोपरा, पार्किंग, गच्चीचा दरवाजा असल्या जागा निवडल्या की प्रत्येक पावलाच्या आवाजाला लक्ष विचलित होतं, रुकू-सजदा घाईत होतो आणि कोणी पाहिलंच तर आपण चोरी करताना सापडल्यासारखे दिसतो. अगदी साधी, कंटाळवाणी जागा घ्या: लहान मीटिंग रूम, रोज त्याच वेळी पंधरा मिनिटांसाठी बुक केलेली. काचेचं दार असलं तर असू दे. समोर एक खुर्ची ठेवा, म्हणजे सुतरा (नमाजीसमोरचा आडोसा) होतो. किबला (काबेची दिशा) पुण्यातून सरळ पश्चिमेला नाही, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे, होकायंत्रावर २८१ अंश. लोखंडी टेबल आणि लिफ्टजवळ फोनचं होकायंत्र फसवतं. म्हणून खिडकीजवळ एकदा दिशा नक्की करा आणि भिंतीवरची एखादी खूण लक्षात ठेवा. थोडाफार फरक पडला तरी नमाज होते.

वजूची खरी अडचण पाय धुण्याची. बेसिनमध्ये पाय घालणारा माणूस कोणालाच आवडत नाही, आणि लोकांचं चुकतं असंही नाही. यावर सोपी, शरियतने दिलेली सोय आहे ती खुफ्फैनची, म्हणजे घोटे झाकणाऱ्या चामडी मोज्यांची. सकाळी घरी पाय धुऊन पूर्ण वजू करा आणि मग ते घाला. पुढे वजू तुटला की त्या क्षणापासून २४ तास पाय धुवावे लागत नाहीत. ओल्या बोटांनी पायाच्या वरच्या बाजूला, बोटांकडून नडगीकडे मसह करायचा. प्रवासात हीच मुदत ७२ तासांची. मोजा काढला की मसह संपला, पाय धुवावे लागतात. साध्या सुती किंवा नायलॉनच्या मोज्यांवर हे चालत नाही. इथे पुष्कळ जण चुकतात. बाकी चेहरा, कोपरापर्यंत हात आणि डोक्याचा मसह बेसिनवर दोन मिनिटांत होतो. नंतर टिश्यूने बेसिनचा कट्टा पुसून टाका. माझ्या मते ऑफिसात मुसलमानाची अर्धी इभ्रत त्या कोरड्या कट्ट्यावर अवलंबून असते.

आता ते एक वाक्य. मॅनेजरला समोरासमोर सांगा, मग चॅटवर लिहून ठेवा: ‘नोव्हेंबर-डिसेंबरात रोज ४.३५ ते ४.५० मी नमाजसाठी जागेवर नसेन, शुक्रवारी १ ते २.१५. काम अडणार नाही, मीटिंग आली तर आधी सांगा, मी वेळ मागेपुढे करीन.’ यात माफी नाही, भाषण नाही, हक्काची घोषणाही नाही. कॅलेंडरवर वेळ अडवताना ‘पर्सनल’ न लिहिता सरळ ‘नमाज’ लिहा. ‘पर्सनल’ लिहिलं की लोक विचारतात, ‘नमाज’ लिहिलं की विचारत नाहीत. जुम्यासाठी आजूबाजूच्या दोन-तीन मशिदींच्या जमातची (सामूहिक नमाजची) वेळ विचारून ठेवा. कुठे सव्वाला असते, कुठे पावणेदोनला, त्यामुळे एक हुकली तरी दुसरी मिळते. दोन्ही हुकल्या तर जोहर पढायची, हे विसरू नका.

संकोच पहिले आठ-दहा दिवस राहील. लोक मात्र तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे बघायचं बंद करतात. त्यांच्या डोक्यात त्यांचे हप्ते असतात.

घरातला आळस: फजर आणि इशा

इथे मामला सरळ आहे. इशा जेवणाआधी. जेवून, पाठ टेकून, फोन हातात घेऊन ‘थोड्या वेळाने’ म्हटलं की रात्रीचे दीड वाजतात. निम्मी रात्र उलटेपर्यंत इशा लांबवणं मकरूह (नापसंत), आणि तुम्ही तर ती झोपेतच घालवता.

फजरसाठी अजानच्या वेळचा गजर पहिल्या महिन्यात लावू नका. डिसेंबरात पावणेसहाला उठून, पढून, पुन्हा झोपणं चांगलंच आहे, पण नव्याने सुरू करणारा गजर बंद करून झोपतो आणि जागा होतो साडेसातला. सूर्योदयाआधी ३० मिनिटांचा गजर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तुमच्या खोलीतला जो मित्र सकाळी जिमला जातो, तो हिंदू असला तरी त्याला सांगा, ‘जाताना मला हलव.’ माणसं अशा कामाला आनंदाने तयार होतात. आणि आपण उठलो नाही तर उद्या त्याला तोंड दाखवायचंय, हा दबाव तुमच्या बाजूने काम करतो. जमातसह फजर ही पुढची पायरी, दोन महिन्यांनी.

तरी डोळा लागलाच, तर जाग आल्यावर पढायची, पण सूर्य नुकताच उगवत असेल तर १५-२० मिनिटं थांबून. सूर्योदय, माथ्यावर सूर्य आणि सूर्यास्त या तीन वेळा टाळायच्या. त्यातही त्याच दिवसाची राहिलेली असर सूर्यास्ताला टेकली असली तरी पढायची.

‘आधी एकच नमाज सुरू करू का, मग वाढवू?’ असं पुष्कळ जण विचारतात. पाची फर्ज आहेत, त्यात सूट द्यायचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. कमी करायचंच असेल तर सुरुवातीला लांबी कमी करा: दिवसाच्या १७ फर्ज रकाती आणि इशाचे ३ वित्र (इशानंतरच्या वेगळ्या रकाती), एकूण २०. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. ताकीद असलेल्या सुन्नती सोडायची सवय लावून घेऊ नका, आठ-दहा दिवसांत एकेक जोडत चला, पहिली फजरची. मात्र लक्ष कुठे जास्त द्यायचं म्हणाल, तर असरवर. तुमची असर वेळेत झाली तर मगरिब, इशा बहुधा होतात. दुपारी साखळी तुटली की ‘आजचा दिवस गेलाच’ म्हणून रात्रीचीही जाते. अल्लाहला सर्वांत प्रिय अमल (कृती) तो, जो थोडा असला तरी सतत होतो, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. तुमच्या रमजानी झपाट्याला हाच उतारा आहे.

इथवरचं एका दमात: वेळा पुण्याच्या, बस एक सोडायची, मोजे चामडी, मीटिंग रूम ठरलेली, मॅनेजरला एक वाक्य, इशा जेवणाआधी. कझा, मित्र आणि लग्न राहिलं.

कझाचं ओझं

चार वर्षांची कझा आठवली की माणूस आजचीही सोडतो. म्हणून ती एकदा कागदावर आणा. ४८ महिन्यांतून चार रमजान वजा, राहिले ४४. महिन्याला ३० दिवस धरले तर १,३२० दिवस. त्यातल्या साधारण १९० शुक्रवारी जुमा झाला, तेवढ्या जोहर वजा. बालिग झाल्यापासून त्याआधी सुटलेल्या असतील तर त्यांचा अंदाज वेगळा धरा आणि थोडा जास्तच धरा. दररोज प्रत्येक नमाजसोबत तीच एक कझा पढली, फजरसोबत फजर, जोहरसोबत जोहर, तर साडेतीन वर्षांच्या थोडं वर लागतात. दोन-दोन पढल्या तर पावणेदोन-दोन वर्षं. निय्यत अशी: ‘माझ्या जिम्म्यातली सर्वांत पहिली फजर.’ तारीख आठवायची गरज नाही. वित्राचीही कझा आहे, सुन्नतची नाही. फजर आणि असरनंतर नफल (ऐच्छिक नमाज) पढत नाहीत, कझा मात्र चालते, ऊन पिवळं पडेपर्यंत. वहीत पाच रकाने आणि वित्रासाठी सहावा आखा, एकेक रेघ मारत जा. ही वही आणि ही नमाज, दोन्ही खासगी ठेवा. किती सुटल्या हे लोकांना सांगत फिरायचं नसतं.

शाफई असाल तर विनाकारण सोडलेली कझा लवकरात लवकर फेडण्यावर तिथे जास्त जोर आहे. आपल्या आलिमांना विचारा.

मित्र, पार्टी, गणपती

शुक्रवारच्या पार्टीत ‘मी घेत नाही’ हे तीन शब्द पुरतात. ‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ म्हणू नका. पुढच्या महिन्यात तब्येत कशी आहे विचारतील आणि तुम्हाला तो डॉक्टर जन्मभर सांभाळावा लागेल. खोटं कारण दिलं की नकार दर वेळी नव्याने द्यावा लागतो, खरं कारण एकदाच.

ऑफिसातल्या गणपतीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. पूजा-आरतीत सहभाग नाही, हे स्पष्ट आहे. म्हणून त्या दिवशी आजारपणाची रजा टाकायची आणि दुसऱ्या दिवशी नजर चुकवत फिरायचं, हे कशाला? टेबलं हलवायला, पाहुण्यांना पाणी द्यायला, ज्यांना सुट्टी हवी त्यांचं काम उचलायला उभे राहा. प्रसादाबद्दल बहुतेक उलेमा नको म्हणतात. तेव्हा हात जोडून ‘मला नको, पण तुमचा आनंद आहे’ म्हटलं तर पुण्यात कोणी वाईट मानत नाही. वाईट वाटतं ते तोंड फिरवल्याचं.

दुसरा दबाव उलट्या बाजूने येतो, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण येणारच. नमाज सुरू झाली की आठवड्यात कोणी म्हणेल दाढी कुठेय, कोणी म्हणेल अमुक मस्जिद सोड. तुम्हीही स्टेटसवर हदीस टाकायला लागाल, खोलीतल्या मुसलमान मित्राला टोकायला लागाल. दीनदार दिसण्याचा दबाव हाही लोकांचाच दबाव असतो. पहिले तीन महिने कोणाला दुरुस्त करू नका. मात्र ‘दिखावा होईल म्हणून ऑफिसात पढत नाही’ हा बहाणाही चालणार नाही. जुन्या काळचे संत फुजैल बिन अयाज यांचं प्रसिद्ध म्हणणं आहे की लोकांसाठी अमल सोडणं हीच रिया (दिखावा) आहे. फर्ज लपवायचं नसतं, नफल मिरवायचं नसतं.

लग्न आणि आठ लाख

ऑफिसात उशीर केला तर पंधरा मिनिटं जातात, इथे लाखो रुपये. लग्नात चालढकल नमाजची नसते, नकाराची असते. ‘अब्बांशी बोलतो नंतर’ म्हणत महिने जातात, तोवर हॉलचा विसार दिला जातो, पत्रिका छापायला जातात, आणि मग नकार दिला तर घराची बेअब्रू होते. व्याज नको हे तुम्हाला चार महिन्यांपूर्वीही माहीत होतं. सांगितलं नाही, एवढंच.

आधी कमीत कमी काय लागतं ते बघा. निकाहला इजाब-कुबूल (प्रस्ताव आणि स्वीकार), दोन साक्षीदार आणि मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम). वलीमा (नवऱ्याकडचं लग्नाचं जेवण) सुन्नत आहे, त्यात माणसांचा आकडा ठरलेला नाही. हनफींकडे मेहर किमान दहा दिरहम, म्हणजे ३०.६१८ ग्रॅम चांदी. मेहरे फातिमी (पैगंबरांची मुलगी फातिमा यांच्या मेहरइतका) धरायचा तर १,५३०.९ ग्रॅम. ज्या मेहरची ऐपत आहे तो त्याच दिवशी द्या. ‘उधार’ मेहर वीस-वीस वर्षं तसाच राहतो, तीही तस्वीफच. एक खबरदारी: नगद मेहर आणि उधार मेहर, दोन्हींना देवनागरीत ‘मुअज्जल’च लिहिलं जातं. अरबीत एकात ऐन आहे, दुसऱ्यात हमजा. मराठीत ते दिसत नाही. निकाहनाम्यात ‘नगद’ किंवा ‘उधार’ असा साधा शब्द लिहून घ्या. मुलीकडून येणारं सामान नाकारताना हेही माहीत असू द्या की १९६१च्या हुंडाबंदी कायद्यात मेहर हुंड्यात धरलेला नाही, पण जहेजच्या नावाखाली मागून घेतलेली गाडी किंवा फर्निचर हुंडाच आहे.

आता कर्ज. आठ लाख, पाच वर्षं, १२ टक्के धरले तर महिन्याचा हप्ता १७,८००च्या आसपास आणि एकूण परतफेड दहा लाख ६८ हजारांजवळ. दोन लाख ६८ हजार निव्वळ व्याज. त्यासमोर हे मांडा: २५० माणसांचा वलीमा, ताटाला ३५० रुपये धरले तर ८७,५००. म्हणजे नुसत्या व्याजात तसे तीन वलीमे होतात. हा कागद अब्बांसमोर ठेवा. हदीस ठेवू नका. बापाला मुलाने हदीस ऐकवली की मुद्दा व्याजाचा राहत नाही, ‘शिकला म्हणून आम्हाला शिकवतो’ असा होतो. सूरे लुकमानच्या १५व्या आयतीत आईबाप शिर्क (अल्लाहसोबत दुसऱ्याला भागीदार मानणं) करायला जोर करत असले तरी त्यांचं ऐकू नका, पण दुनियेत त्यांच्याशी भलेपणाने वागा, असं आहे. शिर्कच्या बाबतीत हे, तर हॉलच्या बाबतीत आवाज चढवायचं कारणच नाही.

बोलणं अब्बांशी एकट्याने, फुफी-चाचांसमोर नाही. चारचौघांत त्यांना चुलतभावाशी बरोबरी करावीच लागते. नुसता नकार घेऊन जाऊ नका, आकडा घेऊन जा: ‘माझ्याकडे एवढे साठलेत, एवढ्यात जे बसेल ते सगळं तुमच्या मर्जीने.’ दोनच गोष्टी तुमच्या: व्याज नाही आणि मुलीकडून काही नाही. बाकी जेवणात काय, मंडप कुठला, कोणाला बोलवायचं, अम्मीने कोणती साडी घ्यायची, हे त्यांच्यावर सोडा आणि त्यात तोंड घालू नका. जायज गोष्टीत मोकळा हात दिला की नाजायज गोष्टीतला नकार हट्ट वाटत नाही. नातेवाइकांना काय सांगायचं ही अब्बांची खरी चिंता आहे, तर तेही त्यांना देऊन या: ‘पोरानेच ठरवलं, कर्ज नको म्हणाला.’ दोष तुमच्यावर घ्या. मुलीच्या घरीही तुम्हीच कळवा, त्याच आठवड्यात, म्हणजे ‘मुलाकडचे ऐनवेळी फिरले’ असं होणार नाही.

विसार अजून दिला नसेल तर येत्या शनिवारी सोलापूरला जा. दिला असेल तर बोलण्याआधी पावतीमागची रद्द करण्याची अट वाचा: तारीख तीच ठेवून लहान हॉल किंवा दुपारची वेळ मिळते का, हे हॉलवाल्याला फोन करून विचारा, आणि मगच अब्बांसमोर कागद ठेवा.